त्याच पंचापुढे, पुन्हा एकदा

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात कुठलाही निर्णय एकदाच घेतलेला नाही. चहा घेणार का विचारलं तर आधी ‘नको’ म्हणतात, आणि विचारणारा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पोचायच्या आत मागून हाक येते, “थांबा! रिव्ह्यू!” सातारा स्टँडवरचे निम्मे कंडक्टर त्यांना चेहऱ्यावरून ओळखतात, कारण तिकीट काढून झाल्यावर ‘आज जावं का उद्या’ याचा फेरविचार ते गाडीच्या पायरीवर उभं राहून करतात. मागचे लोक बोंबलत असतात, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो, आणि हे मात्र एक पाय गाडीत, एक पाय साताऱ्यात ठेवून दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेत असतात. त्यांच्याबरोबर हॉटेलात बसणं ही तर तपश्चर्या आहे. मिसळ सांगितली, वेटर आत गेला, की त्याला परत बोलावणार. तो आला की म्हणणार, “पयला निकाल कायम. मिसळच आन. निस्ती खात्री केली.”

हे वेड त्यांना लागलं कोर्टात. मूळचे ते माण तालुक्यातले. तरुणपणी फौजेत गेले, तिथे कुस्त्या केल्या आणि उजव्या हाताचं मधलं बोट सरहद्दीवर ठेवून आले. सरहद्दीवर म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तोफा उभ्या राहतात, आणि साडूभाऊ त्या उभ्या राहू देतात. खरी गोष्ट अशी की रेशनचा ट्रक उतरवताना मागचं फाळकं बोटावर पडलं. पण ट्रक सरहद्दीवर होता हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. फौजेतून सुटल्यावर साताऱ्याच्या कोर्टात पट्टेवाला म्हणून लागले. काम पुकारा करायचं. आवाज असा की पक्षकार बाहेर चहाच्या गाड्यावर असला तरी त्याच्या हातातला कप हिंदकळायचा. दाराशी उभं राहून त्यांनी जन्मभर जे ऐकलं, त्यातला एकच शब्द त्यांच्या काळजात घर करून बसला. वकील मंडळी त्याला पुनर्विलोकन म्हणतात, साडूभाऊ रिव्ह्यू म्हणतात.

अपील, रिव्हिजन आणि रिव्ह्यू यांतला फरक मला कळत नाही हे त्यांना कळलं तो दिवस मी विसरणार नाही. आम्ही जेवायला बसलो होतो. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि डोळे चमकवत म्हणाले, “आवं सांगलीकर, लय सोपं हाय! समजा, भाजी खारट झाली. तुमी जाऊन सासूबाईंस्नी सांगटलं, हे झालं अपील. वरच्या कोर्टात गेला तुमी. आता समजा, सासूबाई आपल्या आपणच आल्या, झाकण उघडून बगितलं, ‘काय चाललंय हितं?’ ही रिव्हिजन. आन जिनं भाजी केली तिच्याच म्होरं वाटी धरून म्हनला, ‘बाई, एकदा तू सोता खाऊन बग’, हा झाला रिव्ह्यू! ज्यानं निकाल दिला, त्येच्याकडंच परत जायचं. हितं वरचा-खालचा न्हाई. मानसानं आपलीच चूक आपल्या डोळ्यानं बगायची. ह्यापरीस मोठा कायदा दुनियेत न्हाई!” माझी थोरली मेव्हणी, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, पोळी वाढता वाढता म्हणाली, “भाजी खारट झालीय असं सरळ सांगा की.” साडूभाऊंनी भाजी पुन्हा चाखली आणि खारट नसल्याचा सुधारित निकाल तिथल्या तिथे दिला.

मात्र उगाच तेच भांडण पुन्हा उकरून काढणं म्हणजे रिव्ह्यू नव्हे, याबाबत ते फार कडक. त्याला कारण लागतं. एक तर नवा पुरावा हवा, आणि तोही असा की आधी कितीही काळजी घेतली असती तरी हाती लागला नसता. नाहीतर चूक अशी हवी की कागदाकडे नजर टाकताच दिसावी, ती दाखवायला वकिली करावी लागू नये. एकदा त्यांनी राजवाड्याजवळच्या एका गाड्यावरून कलिंगड घेतलं. वाजवून, हुंगून, उन्हात धरून. घरी कापलं तर आत पांढरंफटक. दुसरा कोणी असता तर चार शिव्या हासडून गप बसला असता. साडूभाऊ ती दोन्ही भकलं घेऊन भर उन्हात त्याच गाड्यावर गेले. गाड्याच्या मालकाने मध्ये तोंड घातलं तर त्याला म्हणाले, “तुमी थांबा, तुमी अपील हाय.” आणि विकणाऱ्या पोराला म्हणाले, “तक्रार न्हाई रं बाळा. नवा पुरावा हाय. कापल्याबिगर दिसला असता का? सांग, मी वाजवताना काय हयगय केली?” पोरगा इतका गांगरला की त्याने एक सोडून दोन कलिंगडं दिली. साडूभाऊंनी एक परत केलं, कारण मागणी एकाचीच होती.

माझा संसारही त्यांच्या रिव्ह्यूची कृपा आहे, म्हणून मला हसायचा अधिकार कमी. मुलगी दाखवण्याच्या वेळी सासऱ्यांनी मला पारखायचं काम थोरल्या जावयावर सोपवलं होतं. त्या काळी मी पाप्याचं पितर होतो. साडूभाऊंनी एकदाच बघितलं आणि माजघरात जाऊन नापास केलं. मी सांगलीला परतलो, दुःख गिळलं. आणि एका सकाळी दारात हे हजर! “त्या दिशी तुमी बसलेलं व्हता. उभं ऱ्हावा.” मी उभा राहिलो. “चाला.” चाललो. “हसा.” हसू कुठलं येणार, पण हसलो. त्यांनी एकदम पाठीत असा पंजा हाणला की मी भिंतीला जाऊन टेकलो. “पास! अंगात न्हाई, पर हाडात हाय!” ही त्यांची दुसरी सवय. आनंद झाला की समोरच्याची पाठ हे त्यांचं मैदान. हळदीच्या दिवशी दोन्ही हात हळदीत बुडवून त्यांनी माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर मागून जी शाबासकी दिली, तिचे दोन पिवळे पंजे अजून निघालेले नाहीत. डावा पाच बोटांचा, उजवा चार बोटांचा. सांगलीची हळद ती, अशी थोडीच जाते! माझी बायको तो सदरा पाहुण्यांना दाखवते आणि सांगते, “माझं लग्न रिव्ह्यूत पास झालंय. हा बघा शिक्का.”

असा हा माणूस. कलिंगडापासून जावयापर्यंत ज्याने सगळ्याचा फेरविचार केला, त्याने एका निर्णयाला मात्र कधी हात लावला नव्हता. आणि तोच त्याच्या घरात काट्यासारखा रुतून बसला होता.

साडूभाऊंच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरतं. कोर्टातला माणूस म्हणून पंच हेच. वीसेक वर्षांमागे एकदा त्यांच्या धाकट्या बहिणीचा, शालनचा, मुलगा संपत मैदानात उतरला होता. शालन शेजारच्याच गावात दिलेली. घरी शेरडं-मेंढरं, पण पोराच्या खुराकात तिने कधी कमी केलं नाही. मोठ्या तालमीत जायचं तर गावच्या मैदानात नाव व्हायला हवं, म्हणून सगळ्यांचे डोळे या एका कुस्तीवर. समोर आमच्या सांगलीकडचा पैलवान. हलगी कडाडली, सलामी झडली आणि बघता बघता दोघं एकमेकांवर कोसळले. धुरळा उठला. संपत खाली होता. त्याची पाठ टेकली की तो कुशीवरच राहिला, हे कुणालाच नीट दिसलं नाही. साडूभाऊ धावले, संपतची पाठ बघितली. दोन्ही खवाट्यांवर, खांद्यामागच्या हाडांवर, माती! त्यांनी शिट्टी फुंकली. “चितपट!” संपत ओरडला, “मामा, पाठ लागली न्हाई!” लोकांतही कालवा झाला. पण मामाच्या मनात एकच भीती, की उद्या गाव म्हणेल मामाने भाच्याला वाचवलं. ते गरजले, “पंचाचा निकाल हाय. हितं रिव्ह्यू न्हाई!” जन्मात पहिल्यांदा आणि शेवटचं.

संपतने त्यानंतर लंगोट बांधला नाही. तो मुंबईला गेला आणि बाजारात ओझी उचलू लागला. शालनने भांडण केलं नाही, आदळआपट केली नाही, फक्त भाऊबीजेला येणं बंद केलं. दरवर्षी अक्का पाट मांडते, निरांजन तयार ठेवते. साडूभाऊ “जरा पाय मोकळं करून येतो” म्हणून स्टँडवर जातात आणि बहिणीच्या गावाकडून येणाऱ्या दहिवडीच्या गाड्यांमधून कोण उतरतं ते बघत उभे राहतात. तिथे मात्र ते कुठलाही फेरविचार करत नाहीत. शेवटची गाडी येऊन रिकामी झाली की घरी येतात आणि जेवत नाहीत. एकदा मी धीर करून म्हटलं, “त्या कुस्तीचा एकदा रिव्ह्यू का घेत नाही?” ते म्हणाले, “नवा पुरावा कुटं हाय, सांगलीकर? माती म्या माज्या डोळ्यानं बगितली. भनीच्या डोळ्यात पानी आलं म्हणून निकाल फिरवला, तर मंग मी पंच कसला?” त्यांचं म्हणणं मला पटलं, आणि पटलं म्हणूनच वाईट वाटलं.

यंदा जत्रेत मानाची कुस्ती लावायला त्यांना बोलावलं आणि मीही सांगलीहून गेलो. काय ते मैदान! चारी बाजूंनी माणूस, झाडांवर माणूस, ट्रॅक्टरच्या टपावर माणूस, आणि हलगी अशी तडतडत होती की माझ्यासारख्या फुंकरीने उडणाऱ्यालाही शड्डू ठोकावासा वाटावा. साडूभाऊ फेटा बांधून आखाड्यात उतरले. वाकून मातीला हात लावला, दोन्ही मुठी भरून माती घेतली, दोघा पैलवानांचे हात एकमेकांच्या हातात दिले, आणि मग सवयीप्रमाणे एकाच्या मागे जाऊन दोन्ही पंजे त्याच्या खवाट्यांवर हाणले. “हो म्होरं, वाघा!” मग दुसऱ्याच्या मागे जाऊन त्यालाही तसंच. मी घाईघाईने मोबाईलवर फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायच्या आधी त्यांना दाखवायला धावलो. “साडूभाऊ, बघा तरी! माझ्या सदऱ्यावरचाच शिक्का!”

त्यांनी फोन हातात घेतला. पैलवानाच्या घामेजल्या पाठीवर तांबड्या मातीचे दोन पंजे स्वच्छ उठले होते. डावा पाच बोटांचा, उजवा चार. त्यांनी फोटो मोठा केला. मैदान आरडत होतं, कुस्ती रंगात आली होती, आणि हा माणूस खाली मान घालून त्या दोन खुणांकडे बघत उभा. मग स्वतःचा उजवा हात उलटा करून बघितला. “सांगलीकर,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला त्या गोंगाटात कष्टाने ऐकू आला, “त्या दिशीबी म्या माती घेतलीती. दोगांच्या पाठीवर हाणलीती. म्हंजी संपतच्या पाठीवरची माती...” पुढचं त्यांनी बोलायची गरज नव्हती. दुसऱ्या पैलवानाच्या पाठीवरही तशीच माती असणार, पण जो वर असतो त्याची पाठ कोण तपासतो?

आणि मग माझ्या साडूंच्या अंगात वारं शिरलं! मानाची कुस्ती अर्धी टाकून ते मला ओढत मैदानाबाहेर घेऊन गेले. पण कायदा सुटला तर ते साडूभाऊ कसले. “दुसऱ्या पक्षाचं ऐकल्याबिगर निकाल फिरवता येत न्हाई. लावा फोन!” सुदैवाने तो सांगलीकडचा पैलवान आता पैलवान उरला नव्हता. सांगलीत त्याची दूध डेअरी आहे आणि माझा रतीब त्याच्याकडेच. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खदखदून हसला. “आवं पंच, त्येची पाठ लागली नव्हती हे मला तवाच ठावं हुतं. पर तुमीच म्हनलासा जिंकला, तर मी कशाला न्हाई म्हनू? फिरवा निकाल, माजी काय बी हरकत न्हाई.” साडूभाऊंनी फोन ठेवला आणि मला सलाम ठोकला, का ते मला कळलं नाही.

शालनच्या गावाकडे रिक्षातून जाताना ते स्वतःच वकील, स्वतःच न्यायाधीश होऊन बडबडत होते. “नवा पुरावा म्हनता येत न्हाई. हात माजाच, पाठ माज्या डोळ्याम्होरं. नीट बगितलं असतं तर तवाच दिसलं असतं. म्हंजी हे कारण फेटाळलं!” रिक्षावाला दचकून मागे बघत होता. “पर दुसरं कारण लागू हाय. चूक ढळढळीत हाय. वकिली नगं, साक्षीदार नगं, त्या पाठीवरच लिवलीती. रिव्ह्यू मंजूर!” मग एकाएकी त्यांचा चेहरा पडला. “मुदत मातुर कवाच गेली. उशिराची माफी मागाय पायजे. आन ती माज्या हातात न्हाई.”

शालन अंगणात करडांना पाला टाकत होती. भावाला बघून तिने पाल्याची डहाळी खाली ठेवली नाही. “आलास व्हय, दादा,” एवढंच म्हणाली. साडूभाऊ फौजेतल्यासारखे ताठ उभे राहिले आणि फोन तिच्यापुढे धरला. “शालन, हे बग. माजा हात. संपतच्या पाठीवर हाच व्हता. त्येची पाठ लागलीच न्हवती.”

तिने फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. “मला कशापायी दावतोस? त्या दिशी पोरगं घरला आलं, सदरा काडंना. मीच वडून काडला. पानी तापवून पाठ चोळाय बसले, तर तुजा हात. चार बोटं. माती वाळून पाक खपली झालती. पाठ टेकली असती तर बोटं पुसली नसती व्हय? माज्या भावाचा हात मी वळखनार न्हाई व्हय?”

साडूभाऊंनी फोन खाली घेतला. “मग तवाच का न्हाई सांगटलंस?”

“निकाल कुनी दिलावता? तूच न्हवं? मी सांगून तू फिरवला असतास, तर गाव म्हनलं असतं, भनीनं रडून फिरवून घेतला. तुजं तुलाच दिसाय पायजे हुतं.” मग डहाळीची पानं तोडत ती हळूच म्हणाली, “ती पाठ धुवाय माजा हात उचलंना, दादा. तुजा हात हुता त्यो.”

मला तिथे उभं राहवेना. मी गोठ्याकडे तोंड करून उभा राहिलो. मागून साडूभाऊंचा आवाज आला, “उशीर माफ केलास का?” आणि शालनचा, “आदी पुकार. जितं निकाल दिलास तितंच. मंग बगू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं मैदानावर गेलो. जत्रा उठली होती. पाळणा निम्मा उतरवून ठेवला होता, मेवामिठाईवाले ताडपत्र्या गुंडाळत होते आणि आखाड्याच्या कडेने कुणाची तरी मेंढरं चरत होती. मी संपतला मुंबईला फोन लावून फोन हातात उंच धरला. साडूभाऊंनी फेटा नीट केला, छाती भरून घेतली, आणि कोर्टातल्यासारखा तीन वेळा पुकारा केला, “संपत हाजीर होऽऽ!” मेंढरं उधळली. ताडपत्रीवाले थबकले. फोनमधून आवाज आला, “हाजीर हाय, मामा!”

“ह्या मैदानात म्या दिलेला निकाल चुकीचा व्हता! संपतची पाठ लागली न्हवती! त्यो निकाल रद्द! कुस्ती बरोबरीत!”

“बरोबरीत?” शालन कमरेवर हात ठेवून ओरडली. “एवढं करून बरोबरीत?”

“मग? पाठ लागली न्हाई म्हंजी हारला न्हाई. जिंकला असं कुटं कोन म्हनलं?” साडूभाऊ तसूभर हलायला तयार नव्हते. आणि शालन हसली. पदर तोंडाला लावून, डोळे पुसत, लहान मुलीसारखी हसली, आणि भावाच्या पाठीत तिने जोराचा धपाटा घातला. यंदा स्टँडवर गाड्या बघत उभं राहावं लागणार नाही, हे साडूभाऊंना तिथेच समजलं असावं, कारण त्यांनी एकदम फेट्याचा शेमला डोळ्यांना लावला.

मी फोन अजून उंच धरूनच होतो. ओझी उचलून खांदे गेलेला, केस पिकायला लागलेला तो माणूस पलीकडे काय करत होता कोण जाणे. ती कुस्ती कुणी त्याला परत देऊ शकत नव्हतं, इतकं मलाही कळत होतं. शेवटी तो बोलला, “मामा, परत एकदा पुकारता का? पोरं शाळंला निगाल्यात, त्यास्नी ऐकवतो. जरा थांबा, हाका मारतो.”

आम्ही थांबलो. पलीकडे पोरांचा गलबला जवळ आला. साडूभाऊंनी पुन्हा छाती भरून घेतली, पण ज्या आवाजाने कोर्टाबाहेरचे कप हिंदकळायचे तो या खेपेला अर्ध्यातच फाटला. निकालाचं निम्मं वाक्य राहिलंच. तेवढं शालनने फोन स्वतःकडे ओढून पुरं केलं, आणि विचारलं, “ऐकू आलं का रं?”

“आलं, आये,” संपत म्हणाला. “समद्यांनी ऐकलं.”